सगळीकडे बदला

कादंबरी संपली त्या रात्री
नायकाचं खरं नाव काढायचं राहिलंच होतं.
बावीस प्रकरणं तो माझ्या घरात
स्वतःच्याच नावाने वावरत होता. प्रकाश.
भाचीने फोनवर शिकवलं:
इथे जुनं लिही, इथे नवं,
आणि दाब, ‘सगळीकडे बदला’.
दाबलं.
तीनशे अठ्ठावीस ठिकाणी तो निशिकांत झाला
चहा निवायच्या आत.

मग यांनी प्रुफं मागितली.
एकतीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेली,
ओळीखाली पट्टी धरून वाचणार,
पैचा फरक सापडेस्तोवर जेवायला न उठणारा माणूस.
मी म्हटलं, राहू द्या, प्रेमाबिमाचं आहे.
म्हणाले, ऱ्हस्व-दीर्घ प्रेमातही असतंच की.

आठ दिवस सहकारनगरच्या बाल्कनीत
माझं एकविसावं वर्ष मांडीवर घेऊन बसले.
मी आत मेथी निवडत होते.
एवढी मेथी आमच्याकडे कुणी खात नाही.

कालव्याच्या कडेने सायकलवर डबलसीट जाताना
हवालदाराने अडवलं, दोन्ही चाकांतली हवा सोडली,
दंडाला पैसे नव्हते, तर त्याने
एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवला, न अडखळता,
आणि हवालदार हसला, जा म्हणाला.
तिथे समासात लाल अक्षरात: ‘हे पटत नाही.’
अख्ख्या पुस्तकात तेवढंच जसंच्या तसं घडलेलं.
चतुःशृंगीच्या पायऱ्यांवरचा निरोप
मी एका रविवारी कुकरच्या तीन शिट्ट्यांत रचला होता.
तिथे नुसती बरोबरची खूण.

नवव्या दिवशी गठ्ठा टेबलावर आला.
पहिल्याच पानावर
‘निशिकांतक: अ. वि. घैसास’.
(ठेव यांनी मोडली, म्हणून नाव यांचं.)
खोडून शेजारी लिहिलेलं: प्रकाशक.
पान सोळा, ट्यूबलाइटचा निशिकांत. खोडलेला.
पान त्रेसष्ट, निबंध मासिकात निशिकांतित झाला. खोडलेलं.
लाइट गेल्यावर मेणबत्तीच्या निशिकांतात
ती पत्र वाचते, तिथेही.
एक्केचाळीस ठिकाणी
यांच्या तिरक्या, घोटीव अक्षरात
प्रकाश, प्रकाश, प्रकाश.
हे नाव मी लग्नानंतर
या घरात कधी उच्चारलं नव्हतं.
वीजबिलाच्या रांगेतल्या एका प्रकाशकाकांनासुद्धा
मी आडनावानेच हाक मारायची.

‘कॉम्प्युटरने घोळ घातलाय,’
एवढंच म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.

तीनशे प्रती. बुधवार पेठेच्या बोळातून
रिक्षाच्या दोन खेपा, दुसऱ्या खेपेला मी गठ्ठ्यावर बसून.
अप्पा बळवंत चौकातला दुकानदार
पुस्तक उलटं धरून किंमत वाचत म्हणाला,
पाच ठेवा कमिशनवर. जूनमध्ये येऊ नका,
जूनमध्ये फक्त गाइडं.
बाकीच्या दिवाणाखाली लावल्या.
त्याच दिवाणावर आम्ही झोपतो.

रात्री एक प्रत घेऊन स्वयंपाकघरात गेले,
ओट्याला टेकून उभ्याने वाचली.
पान एकशे बारा:
‘पहाटे खिडकीतून निशिकांत आत आला
आणि अंथरुणावर हळूहळू पसरला.’
एवढं एक राहिलंय.
वरच्या ओळीतला अनुस्वार सुधारलाय,
खालच्या ओळीतला स्वल्पविराम काढलाय,
आणि मधलं हे वाक्य तसंच.

मी विचारलं नाही.
पुढच्या सोमवारी छापखान्यातून फोन आला,
शेवटी शुद्धिपत्र चिकटवायचं का म्हणून.
यांनीच उचलला.
‘नको,’ म्हणाले,
‘वाचणाऱ्याला कळतं.’